टिंब

मार्केट यार्डात हळदीचे सौदे आटपायच्या वेळी
चिवटेसाहेबांनी फाइल पाठवली:
हमाल-तोलार पतसंस्था, सांगली. सभासद यादी.
नऊ हजार चारशे ओळी.
"मयत तेवढे काढा. महिनाअखेर सभा आहे,
तिकिटं फुकट जातात."

एकेक सभासद म्हणजे एकेक ठोकळा:
नाव, पत्ता, शेअर्स, वारस, शेरा,
मग एक रिकामी ओळ.
हरिपूरच्या पेवांसारखे. तोंडाशी नाव,
आत काय टिकलंय, काय कुजलंय
ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही.

एकेक उघडत बसले असते तर दिवाळी आली असती.
मी एडिटरला एकच ओळ लिहिली:
ज्या ठोकळ्यात 'कै.' दिसेल
तो वरच्या रिकाम्या ओळीपासून
खालच्या रिकाम्या ओळीपर्यंत
पूस.

एंटर.
पंख्याचा एक फेरा झाला असेल नसेल.
खाली उमटलं: बाराशे सहा ओळी कमी.
हुशारी वाटली. चहा सांगितला.

चहा यायच्या आत खिडकीशी कैलास आवटी.
हातात पासबुक, खांद्यावर पिवळा पडलेला टॉवेल.
शोधलं. नाही. पुन्हा शोधलं.
"नाव नाही म्हंजे?
सकाळधरनं साठ पोती उतरवली की मी.
मेलेला माणूस उतरवतोय व्हय?"

मग पाहिलं, आणि कानशिलं तापली.
एकटे आवटी नव्हते गेलेले.
कैवल्य अपार्टमेंटचे तिन्ही मजले गेले होते.
कैऱ्यांच्या बागेमागे राहणारी दोन भावंडं,
आणि शेऱ्यात 'कैफियत दाखल' लिहिलेले एकोणीस जण,
ज्यांचं म्हणणं तसंही
अजून कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

टिंब.
शाळेत बाई सांगायच्या, लघुरूपापुढे टिंब द्यावं,
उरलेला शब्द त्यात मावतो.
यंत्राच्या लेखी टिंबात काहीही मावतं.
ल, व, फ, जे अक्षर पुढे उभं असेल ते.

'यू' दाबलं.
सगळे परत आले, आपापल्या जागी,
वारसांसकट, थकबाकीसकट.
आवटी समोरच उभे होते.
त्यांना काही जाणवलं नाही.
"सापडलं?" म्हणाले. "सापडलं," म्हटलं.

नंतर टिंबाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ दिली,
दारात आडवा धरलेला हात जसा:
टिंब म्हणजे टिंबच, दुसरं कुणी नाही.
'पूस' खोडून 'दाखव' लिहिलं.
एकशे ब्याऐंशी नावं पडद्यावरून गेली,
मी वाचली. सगळी. कै. धोंडीराम, कै. गंगूबाई,
एक कै. नुसतंच 'मिस्त्री'.
मग 'दाखव' खोडलं.
'पूस' लिहायला बोट उचललं आणि लिहिलं
'शेवटी ने'.
ठोकळ्यामागून ठोकळा
फाइलच्या तळाशी जाऊन बसला.

वर फिरताना ओळ सहा हजार बारा:

मरहूम अल्लाबक्ष मीरासाहेब तांबोळी
तोलार, शंभर फुटी रोड
शेअर्स दहा
वारस: मुलगी, रुक्साना

कारकुनानं कै. लिहिलं नव्हतं,
म्हणून अब्बा जुळले नाहीत.
आणखी एक शब्द, आणखी एक आज्ञा,
दहा सेकंदांचं काम.
कर्सर लुकलुकत राहिला.
काटा पुरता थांबल्याशिवाय
अब्बा वजन बोलत नसत,
व्यापारी कितीही ओरडला तरी.

मी फाइल सेव्ह केली.

चिवटेसाहेबांनी केबिनमधून विचारलं,
"निघाले का सगळे?"
"जेवढे जुळले तेवढे," म्हटलं
आणि पाकिटं मोजायला घेतली.
एक तिकीट जास्त लागलं.
ते माझ्या पर्समधलं लावलं.